स्कॅन एवढा वाईट, मग पोर खेळतंय कसं?

इअरफोन नीट लावा, आज विषय जरा जड आहे.

मेंदूच्या पेशी ज्या वायरींवरून एकमेकींशी बोलतात, त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं. हे सगळं वायरिंग म्हणजे व्हाइट मॅटर. काही मुलांत ते जन्मजात दोषामुळे बिघडतं. डोकं न उघडता ते बघायला एमआरआय आहे. रेडिएशन नाही, चुंबक आणि रेडिओ लहरी. पण मशीनचा खडखडाट चालू असताना अजिबात हलायचं नाही, हे दोन वर्षांच्या पोराला सांगून बघा! म्हणून लहान मुलांना बहुतेकदा औषध देऊन झोपवतात.

आता गोष्ट मुंबईची. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीमसेन सिंघल यांना अशी मुलं दिसत होती, ज्यांचं डोकं पहिल्या वर्षातच खूप मोठं होतं. बरीचशी अगरवाल कुटुंबांतली. एमआरआयमध्ये व्हाइट मॅटर सुजलेलं, कानशिलाच्या भागात पाण्याच्या गाठी. आणि मूल मात्र चालतंय, बोलतंय! चित्र आणि मूल यांचा मेळच नाही. हीच या आजाराची ओळख. चालणं बिघडतं ते पुढे, हळूहळू. नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी 1995 मध्ये अशाच 8 मुलांचं वर्णन केलं. सिंघल यांचा लेख 1996 चा. 2001 मध्ये एमएलसी1 हा जीन सापडला, आणि 2004 मध्ये कळलं की या अगरवाल कुटुंबांत त्या जीनमधला बदल एकच आहे. कुठल्यातरी जुन्या पूर्वजाकडून आलेला.

हे ‘त्यांचं’ म्हणून सोडू नका. आपल्या सातारा-सांगलीकडे मामाची पोरगी हक्काची ना? हिशोब तोच. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या. एकीत बग असला तरी दुसरीवर भागतं, माणूस ठणठणीत. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तोच बग असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे तो खरंच असेल, तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. बग दोन्हीकडून यावा लागतो, त्यामुळे सुनेवर खापर फोडणाऱ्या सासूबाईंना हे जरूर ऐकवा.

बाळाचं डोकं भराभर वाढतंय वाटलं तर आधी साधी टेप लावून घेर मोजतात, स्कॅन नंतर. रिपोर्ट बघून हातपाय गाळू नका, डॉक्टरांना विचारा, ‘मूल आत्ता कसं आहे?’ या आजारात डोक्याला किरकोळ मार लागला तरी फिट येऊ शकते, तेव्हा तेवढं जपायचं. आणि पुढचं मूल हवं असेल तर आई-बाबांनी जीनची तपासणी आधीच करून घ्यायची, कारण ज्यांच्याकडे एकच बिघडलेली कॉपी आहे ते एमआरआयमध्ये दिसत नाहीत.