दोघांचा फड

(समितीच्या गणेशोत्सवात, कोपर्निकस मार्ग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या तरुणांच्या संगीतावर बोलावे असे समितीने सुचवले. मी रेल्वेतला डिप्लोमावाला माणूस, संगीतावर बोलायचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या घरातली मुले कानात बोंडे घालून जे ऐकतात ते नेमके काय आहे, हे पालकांनी एकदा तरी समजून घ्यावे असे मला वाटते. म्हणून आज याच दिल्लीतल्या एका जोडीविषयी बोलणार आहे. जोडीचे नाव आहे 'सीधे मौत'. मंगलमूर्तीच्या मंडपात असे नाव घेतल्याबद्दल ज्येष्ठांनी क्षमा करावी.

जोडीत दोन तरुण आहेत. एक सिद्धांत शर्मा. त्याचे टोपणनाव इंग्रजीत 'शांत' अशा अर्थाचे आहे. दुसरा अभिजय नेगी, म्हणजेच 'एन्कोर एबीजे'. दोघे रॅप करतात. रॅप म्हणजे तालावर म्हटलेले यमकबद्ध बोलणे. दिल्लीत याची सुरुवात 'सायफर'मधून झाली. मुलांनी गोल करून उभे राहायचे, एकाने तोंडाने ताल धरायचा आणि बाकीच्यांनी आळीपाळीने ओळी म्हणायच्या. आपल्याकडचे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवा, म्हणजे कल्पना येईल.

या दोघांचा पहिला छोटा संग्रह 'दो का पहाड़ा' २०१७ मध्ये आला. २०१८ च्या अखेरीस 'बयान' आला. त्याचे संगीत 'सेझ ऑन द बीट' या संगीतकाराचे होते आणि तो दिल्लीच्या 'आझादी रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीने काढला. पुढे 'न' (२०२१), 'नायाब' (२०२२) आणि तीस गाण्यांचा 'लंच ब्रेक' (२०२३) आले. नंतर 'डीएल ९१' या नावाने त्यांनी स्वतःची संस्था उभी केली. २०२५ मध्ये 'डीएल ९१ एफएम' आला. चित्रपटाचा आधार न घेता ही वाटचाल झाली, हे ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. दोघेच का? याचे उत्तर रंगमंचावर मिळते. रॅपमध्ये शब्दांची गर्दी इतकी असते की श्वास घ्यायला जागाच राहत नाही. ध्वनिमुद्रणात तुकडे जोडता येतात, पण प्रेक्षकांसमोर ती सोय नाही. एकट्याने तासभर म्हटले तर दम लागतो आणि ओळींची शेपटे गळून पडतात. जोडीत एक म्हणत असताना दुसरा ओळीचा शेवटचा शब्द उचलतो, त्यावर जोर देतो, आणि तेवढ्यात पहिला श्वास घेतो. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतो. फरक इतकाच की पोवाड्यात शाहीर एक आणि झीलकरी त्याच्या मागे. येथे दोघे आळीपाळीने शाहीर होतात आणि आळीपाळीने झीलकरी.

आमच्या रेल्वेत इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक असे दोघे असतात. समोर सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्याने तो पुन्हा म्हणायचा. दोघांनाही डोळे आहेत, मग पुकारायचे कशासाठी? एकाचे लक्ष ढळले तर दुसऱ्याने सावरावे, यासाठी. जोडीने काम करण्याचे हे शास्त्र गाडीला लागू आहे तसेच गाण्यालाही आहे.

मराठी माणसाला अशी जोडी नवी नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात होनाजी रचना करायचा आणि बाळा करंजकर गायचा. लोकांनी दोघांची नावे अशी जोडली की पुष्कळांना होनाजी बाळा हा एकच माणूस वाटतो. व्ही. शांतारामांचा 'अमर भूपाळी' (१९५१) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या जोडीला दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. याच कोपर्निकस मार्गावर उत्तर रेल्वेचे मुख्यालय असलेले बडोदा हाऊस आहे. ती वास्तू ज्या गायकवाडांची होती त्यांच्या दरबारीही कलावंतांना आश्रय होता. उस्ताद फैयाज खाँ बडोद्याचेच दरबारी गायक.

राजाश्रय गेला आणि तिकिटाचा जमाना आला. पठ्ठे बापूराव आणि पवळा या जोडीने मुंबईची थिएटरे गाजवली. पण तेच पठ्ठे बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत वारले. ज्यांच्या लावण्या महाराष्ट्राच्या तोंडी होत्या, त्यांच्या हाती शेवटी काही उरले नाही. लावणी ज्याची, तिचे उत्पन्नही त्याचे, अशी व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

म्हणूनच स्वतंत्र कलावंत हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मोबाइलवर गाणे एकदा ऐकले गेले की कलावंताला मिळते ती रक्कम पैशांत मोजावी इतकी. पोट भरते ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. त्यातूनही मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्याला मास्टर म्हणतात, कंपनीला देऊन टाकला असेल तर दहा वर्षांनी गाणे वाजले तरी पैसा कंपनीचा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा राखला गेला, आणि तो लिहून देऊनही सोडता येत नाही अशी तरतूद झाली. परंतु कायदा माहीत असेल त्यालाच उपयोगी. स्वतःची संस्था काढणे म्हणजे आपल्या विहिरीचा रहाट आपल्या हाती ठेवणे होय.

आता एक आक्षेप. यांच्या गाण्यांत शिव्या असतात. होय, असतात, आणि या मंडपात मी ती सगळी वाजवणार नाही. आपल्या मुलांनी त्या तोंडी बसवाव्यात असेही मी म्हणत नाही. परंतु तमाशालाही एके काळी घरंदाज माणसे नाक मुरडत होती. आज त्याच लावणीवर आपल्या मुली स्नेहसंमेलनात बक्षिसे मिळवतात. शब्द नको असतील तर नको म्हणावे, पण त्यामागची मेहनत तरी बघावी.

शेवटी समितीला एक विनंती. लोकमान्यांच्या काळापासून गणेशोत्सवात मेळे निघत. पोरे पदे बसवीत, तालमी करीत आणि चौकात म्हणून दाखवीत. आपल्या मंडपातही पुढच्या वर्षी स्वतः लिहिलेल्या मराठी रचनांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. रॅप असो, पोवाडा असो. दोन अटी असाव्यात. एक, सादरीकरण जोडीने करावे. दुसरी अट समितीसाठी. मुलांना नारळ-शालीबरोबर मानधनाचे पाकीट द्यावे, मग ते शंभर रुपयांचे का असेना, आणि रचना त्यांचीच राहील असे कागदावर लिहून द्यावे. दिल्लीत जन्मलेली आपली मुले मराठी वाचायला कंटाळतात, ही तक्रार आपण दरवर्षी करतो. मराठीत यमक जुळवायला बसली तर शब्द शोधायला ती आजीकडे जातील, आणि या वयात कुणी शब्द विचारायला आले तर आजीलाही बरे वाटेल.



गणपती बाप्पा मोरया!