राजा भोळा, प्रधान दुष्ट
(कासा येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)

अद्भुत कथांतील राजा बहुधा भोळा असतो. दुष्ट असतो तो त्याचा प्रधान. प्रधानाला हाकलले की राज्य पुन्हा सुखी! राजाला ही मांडणी फारच सोयीची आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढे त्याचा विश्वासू सल्लागार झाला तो त्रिंबकजी डेंगळे. तो मूळचा जासूद, हा काही त्याचा दोष नव्हे. दोष निवडीच्या कसोटीत होता. महाल मक्त्याने दिले जात. जो अधिक रक्कम कबूल करी तो मामलेदार. अशा दरबारात रयतेचे गाऱ्हाणे सांगणारा टिकणार कसा? १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, संशय त्रिंबकजीवर आला, तरी बाजीराव त्याला पाठीशी घालीत राहिला. ही फसगत नव्हे, पसंती होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्रिंबकजी चुनारच्या किल्ल्यात कैदी झाला. बाजीराव सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहिला. मक्तेदारांनी उकळलेला पैसा रयतेला कोणीच परत केला नाही.