मिरकरवाड्यापासून ३६ हजार किलोमीटर

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

मिरकरवाड्याच्या बंदरात कधीच न गेलेलं या मंडपात कोणी नसेल. तिथून सुटलेली बोट काही मैल आत गेली, की मोबाइलची रेंज जाते. पुढचे कित्येक दिवस तांडेल आणि खलाशी जाळं ओढत असतात आणि घरची माणसं आभाळाकडे बघत बसतात. वादळाचा इशारा वेळेवर निघाला, तरी तो त्या बोटीपर्यंत पोचवायचा कसा, हा आपल्या किनाऱ्याचा जुना प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर आता इस्रोने तयार केलं आहे. देशातल्या एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारे संच बसवण्याच्या योजनेचा शुभारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. संकटात तांडेलाने बटण दाबलं, की संदेश थेट जीसॅट-६ या उपग्रहाकडे जातो आणि किनाऱ्यावरचा इशाराही त्याच वाटेने परत येतो. उपग्रह आहे ३६ हजार किलोमीटरवर. संच लहान, त्याची ताकद थोडी; म्हणून वरची अँटेना मोठी हवी. ती सहा मीटर व्यासाची आहे. रॉकेटच्या टोकात ती मावणार कशी? छत्रीसारखी मिटून नेली आणि कक्षेत पोचल्यावर उलगडली. मला ही करामत फार मोठी वाटते.

पण आज मला बोलायचं आहे ते या उपग्रहाच्या करारावर. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्स या इस्रोच्या व्यापारी कंपनीने जीसॅट-६ आणि त्याच्या जोडीच्या उपग्रहाची ९० टक्के क्षमता देवास नावाच्या खासगी कंपनीला द्यायचं ठरवलं. २०११ मध्ये सरकारने तो करार रद्द केला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि २०१५ मध्ये अँट्रिक्सवर ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई बसली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा निर्णय कायम केला. हे सगळं चालू असतानाच, २७ ऑगस्ट २०१५ ला, जीसॅट-६ श्रीहरिकोट्याहून उडाला. उपग्रह चालला, करार चालला नाही.

आज इस्रोचं व्यापारी काम २०१९ मध्ये स्थापन झालेली न्यूस्पेस इंडिया ही सरकारी कंपनी बघते. बोटींवरच्या संचांचं काम तिचंच. वनवेबचे ७२ उपग्रह दोन उड्डाणांत वर नेण्याचं कंत्राट तिनेच पार पाडलं. आपला ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ आपल्या रॉकेटला पेलणारा नव्हता, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने तो स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वरून पाठवला. शिवाय रॉकेटच्या मोटरांची आवरणं वालचंदनगरला होतात, इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये. म्हणजे तुम्हाला कामं मिळतील, याची मला काळजी नाही.

मला काळजी आहे ती वेगळी. तुमच्यासमोर कंत्राटं येतील तेव्हा तुम्ही तांत्रिक परिशिष्ट मन लावून वाचाल आणि बाकीची पानं वकिलावर सोडाल. तसं करू नका. क्षमता कोणासाठी राखली आहे, यंत्र बंद पडलं तर धावायचं कोणी, आणि सरकारला मध्येच त्याची गरज पडली तर काय, हे त्याच पानांत ठरतं. देवासच्या करारात ज्या गोष्टींवरून वर्षानुवर्षं भांडण झालं, त्यातली एकही अँटेनेच्या व्यासाची नव्हती.

आणि एक काम अगदी इथलं. खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या जोडांना हिरवा गंज चढतो, रबराची सीलं कडक होतात, बॅटऱ्या दगा देतात. पावसाळ्यात बोटी शाकारलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक संच उघडून, तपासून, सिग्नल वरपर्यंत जातो की नाही हे बघायला हवं. बंगळुरूत बसून ते होणार नाही. तुमच्यातल्या चार-पाच जणांनी मिळून एक छोटी कंपनी काढावी, पुढच्या मोसमाआधी मत्स्यव्यवसाय खात्याकडे जावं आणि या देखभालीचं काम मागावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अर्ज लिहायला मदत लागली, तर मला जरूर कळवा.