दात टेकलेत का?

हेडफोन लावून ऐकत असाल तर एक काम करा. आत्ता, या क्षणी, तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? बघा जरा. टेकले असतील तर आजचा भाग तुमच्यासाठी आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा उजवा कान दुखायला लागला. मी पुण्यात बॅकएंडचं काम करते. तेव्हा आमचं एक मोठं मायग्रेशन चालू होतं आणि एक आठवडा सोडून ऑन-कॉल. मला वाटलं, इयरफोनमुळे झालं असेल. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, कान एकदम स्वच्छ आहे. मग सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकायला लागली. जांभई दिली की कानापुढे 'कट्' असा आवाज यायचा. एप्रिलमध्ये तर वडापावचा घास घ्यायला तोंड पुरेसं उघडेना. वडापाव चमच्याने खाणारी पुण्यातली मी पहिलीच असेन.

रूममेट म्हणाली, "अगं, तू रात्री दात खातेस. करकर आवाज येतो, मला जाग येते." आईला फोनवर सांगितलं तर तिचं निदान तयारच होतं: पोटात जंत झालेत, गोळी घे. घेतली. फरक शून्य.

मग एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, तुमची बत्तिशी नीट जुळत नाही, चार दाढा थोड्या घासून उंची सारखी करू. शनिवारची वेळही घेतली. तोवर दुखण्याला मी इतकी कंटाळले होते की कोणी काहीही करा म्हटलं असतं तर केलं असतं. शुक्रवारी रात्री मात्र डोक्यात आलं, आपण बॅकअप नसताना प्रॉडक्शनवर डिलीट चालवतो का? घासलेला दात परत येत नाही. शनिवारची वेळ रद्द केली आणि सोमवारी एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जाऊन दोन तास रांगेत बसले.

तिथल्या मॅडमनी आधी तोंडात बघितलंच नाही. दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "दात दाब." गालात टणक गोळा वर आला. तोच त्यांनी बोटाने दाबला आणि मला जी कळ आली ती थेट कानात! तीच, मार्चपासूनची. म्हणजे दुखत होता स्नायू आणि आरोप कानावर.

तुम्हीही करून बघा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. हलतंय ते जबड्याचं सांधं, टीएमजे. तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड मोठं उघडताना पुढे घसरतो. मध्ये एक छोटी चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली की 'कट्' होतं. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, "आत्ता दात टेकलेत का?" टेकले होते. मी तर समजत होते की सगळा घोळ रात्रीचा आहे. त्या म्हणाल्या, दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात किंचित सुटे आणि जीभ हलकेच टाळूला.

घरी येऊन मी फोनवर दिवसभरात 20 रिमाइंडर लावले, वेळा अनियमित. वाजला की तपासायचं आणि शीटमध्ये नोंद करायची. पहिल्या दिवशी 20 पैकी 15 वेळा दात आवळलेले! कोड रिव्ह्यूत, वाकडच्या सिग्नलला, अगदी भांडी घासतानासुद्धा. आपल्या भाषेत दातओठ खाणं रागाशी जोडलंय, पण मी रागात नव्हते हो, नुसती एकाग्र होते.

बाकीचं साधंच. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं गालाला गरम शेक. दोन आठवडे मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. चिक्की, ऊस, च्युइंगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम, तोही आधी त्यांच्यासमोर शिकून. आणि दुपारी चारनंतर कॉफी नाही, हे मात्र जड गेलं.

रात्रीचं नाइट गार्ड मी वापरते. ते दात झिजण्यापासून वाचवतं, आवळायची सवय मोडत नाही. 2023 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात भर आहे तो देखरेखीखालच्या व्यायामावर, स्नायूंच्या मालिशवर, मन आणि सवयींवर काम करणाऱ्या थेरपीवर. दुखण्यासाठी नाइट गार्ड किंवा बोटॉक्स, यांच्याकडे त्यांचा कल नाही. त्यामुळे कोणी पहिल्याच भेटीत कायमचं काही करू म्हणालं तर दुसरं मत घ्याच.

आणखी एक. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळणं वाढू शकतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोंड उघडं किंवा बंद अडकलं, गाल सुजून ताप आला, तर वाट बघू नका. आणि जबड्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असं काही असेल तर तो विषय हृदयाचा असू शकतो, सरळ इमर्जन्सीत जा.

मला बरं वाटायला सहा आठवडे लागले. 'कट्' अजून होतं. रिलीजच्या आठवड्यात कानशील पुन्हा कुरकुरतं, मग शेक आणि खिचडी. परवा सहज रिमाइंडर पुन्हा लावून बघितले. 20 पैकी 3. तिन्ही एकाच मीटिंगमधले.