समेवर येणारं यंत्र



या व्यासपीठावर आजचा विषय नवखा वाटेल. पण इथे बसलेल्या अनेकांच्या घरातली मुलं रात्री परगावच्या, परदेशातल्या मुलांबरोबर एकाच खेळात असतात. त्यातली काही पुढे जाऊन स्वतःचा सर्व्हर उभा करायचा म्हणतात आणि आईवडिलांकडे पैसे मागतात. ते पैसे कशावर घालावेत, एवढंच मी आज बोलणार आहे.

खेळाचा सर्व्हर करतो काय? प्रत्येक खेळाडूची हालचाल ऐकायची, कोण कुठे पोचला, कुणाचा नेम कुणाला लागला याचा निवाडा करायचा आणि तो सगळ्यांना कळवायचा. या एका फेरीला टिक म्हणतात. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचं जग बांधायच्या खेळात सेकंदाला २० टिक, म्हणजे एकेकीला ५० मिलिसेकंद. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळात सेकंदाला १२८, म्हणजे एका टिकला आठ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. तबलजीनं मधे काहीही वाजवावं, समेवर त्याला यावंच लागतं. तसंच या यंत्राचं. टिक उशिरा आली की खेळाडू म्हणतात, "लॅग होतोय."

बाजारात मात्र आपण बेरजा बघतो. प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे कोर किती, मेमरी किती जीबी. जुना, ३२ कोरांचा सर्व्हर स्वस्तात मिळतो, आणि मुलाला वाटतं, घबाड लागलं! पण माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जगाचा मुख्य हिशेब, म्हणजे प्राणी, वाहतं पाणी, रेडस्टोन या खेळातल्या खनिजावर चालणारी यंत्रं, हे सगळं बहुतांशी एकाच कोरवर एकामागून एक चालतं. वाटेतला ठोकळा काढला की पाणी वाहणार, पाणी वाहिलं की होडी हलणार. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचं गणित सुरूच होत नाही. मग एक कोर घामाघूम होतो आणि उरलेले बव्हंशी बसून राहतात. २०२३ साली आलेल्या फोलिया या सर्व्हर सॉफ्टवेअरनं एकमेकांपासून लांबचे प्रदेश वेगवेगळ्या कोरांवर वाटून दिले. उपाय चांगला आहे, पण सगळे खेळाडू एकाच चौकात जमले की पुन्हा भार एकाच कोरवर.

आणि माणसं चौकात जमतातच. यासाठी आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ बघण्यासारखा आहे. २००३ पासून तो चालू आहे. इतर बहुतेक खेळ गर्दी झाली की जगाच्या वेगळ्या प्रती काढून खेळाडू वाटून टाकतात. ईव्हनं, चीनमधला सर्व्हर सोडला तर, सगळ्यांना एकाच विश्वात ठेवलं. त्याचा ट्रँक्विलिटी नावाचा सर्व्हर लंडनमध्ये आहे. खेळाचा गाभा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टॅकलेस प्रकारात लिहिलेला, आणि त्या पायथनची एक प्रोसेस एका वेळी एकाच कोरवर कोड चालवते. त्यामुळे एका तारामंडळातली सगळी गर्दी एका कोरच्या वाट्याला येते. जिटा ही त्या विश्वातली मोठी बाजारपेठ. तिथे रोजचीच गर्दी, म्हणून तिला स्वतंत्र यंत्र देता येतं. युद्ध मात्र सांगून येत नाही.

२७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळात लढाई जुंपली. कारण काय, तर तिथल्या ताब्यासाठी भरायची रक्कम एका गटाकडून भरायची राहून गेली! सात हजारांहून अधिक खेळाडू उतरले, २१ तास लढले. इतक्यांचा हिशेब वेळेत करणारा कोर तेव्हा कुठेच नव्हता. म्हणून कंपनीनं आधीच एक सोय केली होती: भार वाढला की खेळातलं घड्याळच मंद होतं, अगदी एक दशांश वेगापर्यंत. लय विलंबित होते, पण सम सहसा चुकत नाही, कुणाची चाल सहसा गळत नाही. यंत्राची मर्यादा सर्वांवर सारखी वाटून देणारी ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

म्हणून माझं सांगणं असं, की पैसे आधी एका कोरच्या वेगावर घाला. त्याच्याजवळच्या कॅशवर, म्हणजे छोट्या पण जलद मेमरीवरही घाला, कारण मुख्य मेमरीतून माहिती आणण्यात कोरचा पुष्कळ वेळ जातो. २०२२ मध्ये एएमडीनं ५८००एक्सथ्रीडी हा ९६ मेगाबाइट एलथ्री कॅशचा प्रोसेसर काढला. तो साध्या डेस्कटॉपसाठी होता, तरी अशा कामात जुन्या, संथ सर्व्हर प्रोसेसरांपेक्षा तो सरस आहे. मेमरी पुरेशी हवी, पण गरजेपेक्षा चौपट घालून टिक लवकर संपत नाही. जमलं तर चूक स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी घ्या. डिस्क एनव्हीएमई या जलद प्रकारची असावी, कारण नव्या प्रदेशात शिरणाऱ्या खेळाडूला डिस्कची वाट बघायला लागू नये.

अंतराला तर कुठलाही प्रोसेसर औषध नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सात हजार किलोमीटरच्या वर; म्हणजे जाऊन येण्यातच ७० मिलिसेकंद गेले. समुद्राखालच्या केबलची वळणं वेगळीच. पुण्या-नाशिकची मुलं खेळणार असतील तर यंत्र मुंबईत असू द्या.

शेवटचा खर्च सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. रस्ट या खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर जळाले आणि त्यावरची माहिती परत मिळाली नाही. खेळाडूंनी रात्री जागून बांधलेलं सगळं गेलं. तुमच्या मुलानं सर्व्हर उभा केला असेल, तर त्याचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवायला सांगा, आणि या रविवारी तो परत उघडतो का, हे त्याच्याबरोबर बसून एकदा तपासा.