हॉस्पिस सेवेस पात्र कोण?

असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा, म्हणजेच हॉस्पिस सेवा, कोणाला मिळावी? अमेरिकेतील उत्तर कालगणनेवर आधारलेले आहे. मेडिकेअर या तेथील शासकीय आरोग्यविमा योजनेत १९८२ च्या कायद्याने ही सेवा समाविष्ट झाली. आजार स्वाभाविक गतीने वाढल्यास आयुष्य सहा महिने वा त्याहून कमी उरेल, असे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. रुग्णालाही त्या आजारावरील रोगनिवारक उपचार सोडावे लागतात. सहा महिन्यांनंतर तो हयात असल्यास पुन्हा प्रमाणित करून सेवा चालू ठेवता येते, ही बाब परीक्षार्थींच्या नजरेतून हमखास सुटते.

भारतात असा कालावधीचा निकष केंद्रीय कायद्याने घातलेला नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन प्रगत अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. केरळने २००८ च्या धोरणात अधिक व्यापक भूमिका घेतली. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने परिचारिका घरी जाते. पक्षाघाताने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला वृद्धही लाभार्थी ठरतो. दिवस किती उरले, यापेक्षा यातना किती, हे पाहिले जाते.

तथापि पात्र रुग्णालाही मॉर्फिन मिळेलच असे नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्यांची प्रक्रिया सुलभ झाली. मात्र अशा संस्थेत वेदनोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर असावा लागतो, आणि लहान गावांत अडते ते येथेच.