कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे



मागे आम्ही एका गावी लग्नाला गेलो होतो. गाव कोणते, ते सांगत नाही. मांडवात पंगत बसली. एक मावशी भाजी वाढायला आल्या. त्यांच्या हातांवर आणि ओठांवर पांढरे डाग होते. ते पाहून तिघांनी पानावर आडवा हात धरला. "पुरे, पुरे," म्हणाले. पानात तर भाजीचा कणही नव्हता! मावशी काही बोलल्या नाहीत. भांडे दुसरीच्या हाती देऊन परसात निघून गेल्या. दुसरी आली, तेव्हा त्याच तिघांनी दोनदा भाजी घेतली.

आम्हीही त्याच पंगतीत होतो. आम्हीही गप्प बसलो. ते अजून मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आज हा विषय काढला.

कोड होते म्हणजे काय होते? आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या मेल्या, की तेवढी जागा पांढरी पडते. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी शक्ती असते. बहुतेक वेळा तीच चुकून या पेशींवर उलटते. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच वासराला चावावे, तसे हे आहे. जंतू लागून कोड होत नाही. मग दुसऱ्याला लागणार काय? हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी निजल्याने ते होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होते म्हणतात, तेही खरे नाही.

कोडाला काही लोक 'पांढरा कुष्ठ' म्हणतात. त्या नावानेच घात केला आहे. कुष्ठरोग निराळा. तो जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातल्या हान्सेन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधला. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो; तिथे बहुधा स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो. तिथे मुंगी चावली तर कळते. शंका आली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचे औषध तिथे फुकट मिळते, आणि तो रोग बरा होतो.

कुष्ठरोग्यांनाही आपण कमी छळलेले नाही. त्यांना कोंडून ठेवू देणारा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, एवढ्यावर काडीमोड मागता येई. ते २०१९ साली बंद झाले.

कोडाची खरी आग लागते ती सोयरिकीच्या वेळी. मुलगी गुणी, कामाला वाघ. पण मानेवर रुपयाएवढा डाग. पाहुणे उठून जातात. धाकट्या बहिणीचेही अडते. मग घरची माणसे डाग लपवतात. लग्नानंतर तो दिसला, की "फसवलं" म्हणून पोरीला माहेरी धाडतात. दोष लपवणाऱ्याचा, की लपवायला लावणाऱ्याचा? आम्हाला विचाराल तर दोघांचा, पण दुसऱ्याचा जास्त.

कोडावर औषध आहे. मलम असते, प्रकाशाचा उपचार असतो. काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. डागावरची कातडी उन्हाने लवकर भाजते, तेवढी जपावी.

परवा आम्ही मुद्दाम त्या मावशींच्या घरी गेलो. चहा मागितला. त्या जरा थबकल्या. म्हणाल्या, "शेजारच्या सुनेला करायला सांगू का?"

आम्ही म्हटलं, "तुमच्या हातचाच हवा."

चहात साखर अंमळ जास्तच पडली होती.